कातलच्या बापाची जागा

आत्याच्या घराला दोन दारं होती. पुढचं, रुंद दगडी उंबऱ्याचं, पाहुण्यांसाठी. मागचं गल्लीत उघडायचं. तिथून कोळसा, लाकूड, कोंबड्या आत यायच्या आणि ते घेऊन डोंगरातले लोक. म्हातारा रोमिन मला कळायला लागल्यापासून मागच्याच दाराने येत होता. पाठीवर कोळशाचं पोतं, त्याचा पट्टा कपाळावर, अंगात पांढरा लोकरी अंगरखा. म्हणून त्या सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली आणि मी उघडून पाहते तर समोर रोमिन, तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय.

तो फुटपाथवर उभा नव्हता, खाली रस्त्यात उभा होता. त्याच्या तरुणपणी आमच्या सान क्रिस्तोबाल शहरात डोंगरातल्या माणसाने फुटपाथवरून चालायचं नाही, असा रिवाज होता. अंधार पडल्यावर शहरात सापडला तर रात्र कोठडीत, आणि सकाळी चौक झाडून मग सुटका. ते सगळं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचे पाय अजून आपोआप खाली उतरायचे. फुटपाथवर उभी होती ती त्याची मुलगी कातल. चाळिशीची, रुंद हाडाची, काळा लोकरी परकर, डोक्यावर घडी घातलेली शाल. कडी तिनेच वाजवली होती. दोघांच्या अंगाला धुराचा वास येत होता.

आत्या माझ्या मागून आली. "काय रे रोमिन, कोळसा मागच्या दाराने."

"कोळसा नाही आणला, दोन्या एर्मिला," रोमिन म्हणाला. दोन्या म्हणजे बाईसाहेब.

"मग?"

कातलच म्हणाली, "राहायला जागा पाहिजे. घर जाळलं आमचं."

आत्याने तिला नखशिखांत पाहिलं. आतोबा गेल्यावर आत्याने घरातल्या खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. कोमितानचे व्यापारी, पुएब्लाहून येणारे कापडाचे एजंट, कधी पाठीवर पिशवी घेतलेली परदेशी पोरं. अंगणातली जिरेनियमची फुलं आणि आत्याच्या हातचे तामाल, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, या दोन गोष्टींवर आमचं चाललं होतं. डोंगरातला माणूस त्या खोल्यांत कधी झोपला नव्हता. तसा कुणी विचारायलाही आला नव्हता.

"लाकडांच्या खोपटात राहा," आत्या म्हणाली. "कोरडं आहे."

"तिथे वारा येतो. बा खोकतो," कातल म्हणाली.

"अगं, तू मागायला आलीस की भांडायला?"

"मागायला. पण खोपटात नको. मी चादरी धुईन, भांडी घासीन, पीठ दळीन. खोली द्या."

तिचा मागण्याचा सूर असा होता की आत्याला राग यायला हवा होता. आला नाही. तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "ओतिलिया, कोपऱ्यातली उघड. तिथे तसंही कुणी राहत नाही." मग रोमिनकडे वळून, "आणि ती बायबलाची गाणी माझ्या घरात नकोत. ऐकतोस ना?"

"गाणी नाही," रोमिन म्हणाला.

घर का जाळलं हे आत्याला न सांगताच कळलं होतं. त्या वर्षी शहराच्या उत्तरेला असे लोक रोजच येत होते. गावातल्या सणांची वर्गणी, मेणबत्त्या, पोश नावाची उसाची दारू, हे सगळं सोडून नव्या धर्मात गेलेल्यांना पंच गावाबाहेर काढायचे. रोमिनचं गाव याश्तिक, तिथेही तेच झालं.

पुढे कातलशी माझी चांगली ओळख झाली. मला तिची भाषा थोडी येत होती, बाजारात शिकलेली. चादरी पिळता पिळता ती सांगायची. रोमिन पूर्वी भयंकर प्यायचा. कोळसा विकून परत जाताना वाटेतच पडून राहायचा. बायको आजारी पडली तेव्हा वैद्याला आणायला म्हणून निघाला आणि पिऊन ओढ्याकाठी झोपला. घरी पोहोचला तोवर ती गेली होती. त्यानंतर तर जास्तच प्यायला लागला. मग कुणीतरी त्याला नव्या धर्माच्या पास्तरकडे, म्हणजे पाद्र्याकडे, प्रार्थनेला नेलं आणि त्याने पोश सोडली. परत कधी थेंब घेतला नाही. कातलचा नवरा फार पूर्वी किनाऱ्याकडच्या कॉफीच्या मळ्यावर गेला तो परत आला नव्हता. ती बापाबरोबरच राहत होती आणि बापामागोमाग तीही प्रार्थनेला जाऊ लागली.

"तुझा विश्वास आहे?" मी एकदा विचारलं.

"बा प्यायचा थांबला, त्यावर आहे," ती म्हणाली.

तिला एक धाकटा भाऊ होता, मान्वेल. तो जुन्याच रीतीत राहिला. त्या वर्षी तो गावचा शिपाई होता. पंच सांगतील तिथे काठी घेऊन जायचं. घर जाळायला लोक आले तेव्हा तोही आला होता. त्याने स्वतः पेटवलं नाही. मेंढ्या तेवढ्या गोठ्यातून हाकून बाहेर काढल्या.

"म्हणजे त्याने वाचवल्या," मी म्हणाले.

"मेंढ्या वाचवल्या," कातल म्हणाली आणि चादर झटकली.

पाहुण्यांची कुरकुर लगेच सुरू झाली. कापडाचा एक एजंट, दर वेळी आमच्याकडेच उतरणारा, न्याहारीला बसला आणि अंगणात ऊन खात बसलेल्या रोमिनकडे बोट करून म्हणाला, "दोन्या एर्मिला, आता हेही गिऱ्हाईक का तुमचं?"

"हो."

"मग मला दुसरीकडे बघावं लागेल."

"बघा की. चौकाजवळ मोठं हॉटेल आहे. तिथे उशीत ढेकूण असतात, पण मंडळी सगळी तुमच्यासारखी."

तो गेला. आत्या दिवसभर पातेली आपटत होती, कारण गिऱ्हाईक गेल्याचं दुःख तिला होतंच. पण आपल्या घरात कोण राहील हे कुणी दुसऱ्याने ठरवलेलं तिला खपायचं नाही. ती दयाळू होती असं मी म्हणणार नाही. हट्टी होती.

रोमिन व्हरांड्याच्या फरशीवर पाय ठेवायचा नाही. अंगणाच्या कडेकडेने जायचा. आत्या आधी ओरडायची, "अरे, फरशी तुला खाणार आहे का?" मग संध्याकाळी ती शेगडी पुढ्यात घेऊन बसली की तो समोर अंगणात बसायचा आणि दोघं कोळशाबद्दल बोलायची. कुठल्या लाकडाचा कोळसा तडतडतो, कुठल्याचा धग धरून राहतो. इतक्या वर्षांत मागच्या दारात दोघांचं कधी बोलणं झालं नव्हतं. एकदा मी ऐकलं, आत्या त्याला म्हणाली, "तुम्ही शाल घ्या, गारठा पडलाय." तिने 'तुम्ही' म्हटलं हे तिच्या लक्षात आलं की नाही, मला ठाऊक नाही. कातलच्या आलं. तिने हातातलं पीठ मळायचं थांबवलं.

पावसाळा सरता सरता रोमिनचा खोकला वाढला. आधी फडक्यावर ठिपके, मग सरळ रक्त. दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरने पाठीला कान लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, आता घरी ठेवा, भांडी वेगळी करा. 'घरी' हा शब्द मी कातलला तिच्या भाषेत सांगितला तेव्हा तिने विचारलं, "कुठल्या?"

खोकला रात्रभर भिंतीतून ऐकू यायचा. एक जोडपं मुक्काम अर्धवट टाकून निघून गेलं. मग कोमितानचे दोघं भाऊ. गावभर झालं की दोन्या एर्मिलाकडे क्षयाचा माणूस आहे. दार वाजेनासं झालं. आत्या रिकाम्या खोल्यांतून फिरायची, चादरी सरळ असल्या तरी पुन्हा सरळ करायची. एका सकाळी तिने कातलला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी आतच होते.

"कातल, त्यांना हलव."

"कुठे?"

"तुमच्या लोकांनी जमीन घेतली आहे ना उत्तरेला? तिथे."

"अजून छपरं नाहीत. पास्तर म्हणतात, पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यापर्यंत ते..." आत्या थांबली. मग म्हणाली, "हे बघ, मी लपवून बोलत नाही. राहायला खोली दिली. पण ज्या खोलीत माणूस क्षयाने मरतो, तिथे परत कोणी झोपत नाही. माझं हे घर गेलं तर मी कुठे जाऊ? ओतिलिया कुठे जाईल?"

"मरायचंच आहे तर दोन आठवडे थांबा."

"दोन आठवड्यांनीच तर मरणार."

कातलने हात पुसले. ती रडली नाही, ओरडली नाही. "बरं," म्हणाली आणि बाहेर गेली. आत्या शेगडीतला विस्तव उगाच ढवळत बसली.

रोमिनने सगळं ऐकलं असावं. कातल खोलीत गेली तेव्हा तो उठून बसला होता, अंगरखा घालून. म्हणाला, "मला याश्तिकला ने. तुझ्या आईशेजारी. तिथे जागा आहे."

"घेणार नाहीत, बा."

"मान्वेल आहे ना."

कोबीचा ट्रकवाला नातालिओ याश्तिकवरूनच जायचा. आत्याने त्याला स्वतः जाऊन सांगितलं, जाड गादी दिली, घोंगडी दिली, फडक्यात गोड पाव बांधून दिला. ट्रक सुटताना ती पुढच्या दारात उभी होती. रोमिनने टोपी काढली. आत्याने मान हलवली आणि आत वळली. त्याच दुपारी तिने खोली रिकामी करून घेतली, उरलेली गादी मागच्या अंगणात जाळली आणि भिंतींना चुना मारायला माणूस बोलावला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. कातलने सांगितलं, तेही एकदम नव्हे, कधी अर्धं, कधी पाव.

गावाच्या हद्दीवर, आत वळणाऱ्या रस्त्यात साखळी होती. धुकं होतं. साखळीपलीकडे शिपाई उभे होते आणि त्यांत मान्वेल. नातालिओने ट्रक थांबवला. मान्वेल साखळीपर्यंत आला.

"अक्का, मागे फिर."

"बा आहे मागे."

"दिसतंय."

"मरतोय तो. आईशेजारी झोपायचंय म्हणतो."

मान्वेल पंचांना विचारायला गेला. बऱ्याच वेळाने परत आला तो खाली बघत. "जिवंत आहे तोवर आत घेता येणार नाही म्हणतात. त्या धर्माचा जिवंत माणूस गावात नको. मग गेल्यावर बघू म्हणाले."

"गेल्यावर म्हणजे?"

"गेल्यावर, अक्का."

नातालिओला कोबी भरायला पुढच्या गावी जायचं होतं. त्याने गादी खाली घेतली आणि रस्त्याच्या कडेला, पाइनच्या झाडाखाली ठेवली. तो तिला म्हणाला, "परत चला, मी वळवतो गाडी." पण परत कुठे, हे त्यालाही सांगता येईना. मग तो गेला.

कातल बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने मान्वेलने फळ्या आणि प्लॅस्टिकचा कागद आणून आडोसा केला. तो साखळीच्या अलीकडे यायचा, काम करायचा आणि परत पलीकडे जाऊन बसायचा, कारण त्याची ड्युटी पलीकडची होती. त्याच्या बायकोने घेवड्याचं कढण पाठवलं. रोमिनने दोन घोट घेतले. बाकीचे शिपाई तोंड फिरवून बसले होते. त्यांतला एक रोमिनचा पुतण्याच होता.

संध्याकाळकडे रोमिनला हुशारी आली. त्याने विचारलं, "मान्वेल, मेंढ्या कुठे?"

"माझ्याकडे आहेत, बा."

"त्या काळीचा पाय?"

"लंगडते अजून."

"खुरात खडा असेल. दिवसा उजेडी बघ, दिव्याने दिसत नाही."

"बघतो."

बापलेकांचं एवढंच बोलणं झालं. कातल म्हणायची, तिला वाटत होतं दोघांपैकी कुणीतरी घराचं काढील. कुणीच काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोमिन गेला. मान्वेलने साखळीपलीकडूनच पाहिलं की अक्काने घोंगडी तोंडावर ओढली. तो उठला, काठी झाडाला टेकवली आणि पंचांकडे गेला.

या वेळी पंच स्वतः आले. त्यांतला मोठा, ज्याच्या टोपीला रंगीत फिती होत्या, तो रोमिनबरोबर लहानपणी मेंढ्या राखायचा. तो वाईट बोलला नाही. म्हणाला, "रोमिन आमचाच होता. आमचा म्हणून आला तर त्याची जागा आहे. पण मग आमच्या रीतीने. ओठाला पोश लावायची. आणि तू त्याची लेक, तू पेला घ्यायचा, मेणबत्ती लावायची, सगळ्यांदेखत. नाहीतर शहरात घेऊन जा."

"त्याने सोडली होती," कातल म्हणाली. "आई गेली त्यानंतर फार वर्षांनी सोडली, पण सोडली. मरेपर्यंत शिवला नाही."

"आता तो मेलाय, पोरी."

मान्वेल म्हणाला, "अक्का, घे. त्याला कळणार नाहीये."

"मला कळेल ना."

धुक्यात मेंढ्या ओरडत होत्या. कातल मला म्हणाली, त्या वेळी तिच्या मनात देव नव्हता, पास्तर नव्हता. तिच्या मनात फक्त हे होतं की आता बापाला पाठीवर घेऊन होवेलला, म्हणजे आमच्या शहराला, परत चालत जायचं आणि तिथे पुन्हा एकेक दार वाजवायचं. तिने पेला हातात घेतला. फितीवाल्या म्हाताऱ्याने बोट बुडवून रोमिनच्या ओठावर फिरवलं. कातलने पाहिलं आणि मग पेला एका दमात प्यायली.

साखळी खाली पडली. रोमिनला कातलच्या आईशेजारी पुरलं. बरोबर त्याची टोपी, पाण्याचा भोपळा आणि आत्याने दिलेला पाव ठेवला. वाजंत्री होती, मेणबत्त्या होत्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. लोक रडले. ज्यांनी घर जाळलं होतं तेही रडले, आणि ते खोटं नव्हतं, असं कातल म्हणाली.

मान्वेल म्हणाला, "राहा आता. पंच काही म्हणणार नाहीत. माझ्याकडे राहा."

"तुझ्याकडे?"

"मग कुणाकडे?"

तिने जळलेल्या जागेकडे पाहिलं. तिथे कुणीतरी मका लावला होता, चांगला उंच आला होता. "नको," ती म्हणाली आणि चालत निघाली.

शहरात ती आधी आमच्याकडे आली नाही. उत्तरेच्या वस्तीत गेली. तिथे घरांच्या ओळी आखल्या जात होत्या आणि तिच्या बापाच्या नावाने एक तुकडा ठरला होता. पण बातमी तिच्याआधी पोहोचली होती. पास्तर एलिसेओ, तसा मऊ स्वभावाचा माणूस, तिला बाहेरच भेटला.

"बहिणी, तू प्यायलीस असं ऐकलं. खरं आहे?"

"खरं आहे."

"आणि त्यांनाही पाजलीस."

"ओठाला लावली."

"इथे सगळ्यांनी घर गमावलं आहे, पण पेला नाही घेतला. कुणाचं मूल गेलं आगीत. त्यांना मी काय सांगू?"

"काही सांगू नका," कातल म्हणाली.

"पश्चात्ताप केलास सगळ्यांसमोर, तर..."

"बापाला आईशेजारी ठेवल्याचा पश्चात्ताप?"

पास्तरला तिला तो तुकडा देता आला नाही.

तिन्हीसांजेला ती आमच्या पुढच्या दाराशी आली. मी उघडलं. आत्या मागून आली. कातलच्या परकराला चिखल होता आणि ती उभ्या उभ्या हलत होती.

"आलीस," आत्या म्हणाली.

"हो."

"पुरलं?"

"आईशेजारी."

आत्या म्हणाली, "रस्त्यावर गेले म्हणे. नातालिओ सांगत होता."

"झाडाखाली."

"खोली दिली आहे मी. एक परदेशी बाई आहे. चित्रं काढते."

"चालेल."

"स्वयंपाकघरात चटई टाक. शेगडी आहे, थंडी लागणार नाही."

कातल आत आली. मागच्या अंगणातून जाताना तिला जळलेल्या गादीची राख दिसली. पावसाने तिचा काळा चिखल झाला होता. ती क्षणभर थांबली, मग ओलांडून गेली. आत्याने ते पाहिलं. त्या रात्री आत्या जेवली नाही आणि डोकं दुखतंय म्हणून लवकर पडली.

दोघी त्यानंतर बरीच वर्षं एका घरात राहिल्या. रोमिनचं नाव आत्याने परत काढलं नाही आणि कातलनेही तिला कधी टोमणा मारला नाही. मला वाटतं, तिने एखादा मारला असता तर आत्याला बरं वाटलं असतं. आत्याच्या बोलण्याची धार गेली. पाहुणे वाढले, खोल्या भरल्या. परदेशी लोक आता बसस्टँडवर उतरून विचारतात, जुन्या शहरात राहायला चांगली जागा कुठली, तर टॅक्सीवाले आमचंही नाव सांगतात.

मृतांच्या सणाला कातल दर वर्षी याश्तिकला जायची. पुन्हा शहरात राहायला गेली म्हणून पंचांनी तिला आत येणं बंद केलं होतं. ती साखळीशी उभी राहायची. मान्वेलची शिपाईगिरी केव्हाच संपली होती, पण तो यायचा. ती मेणबत्त्या, संत्री आणि पाव त्याच्या हातात द्यायची आणि तो आत जायचा. ती तिथेच थांबायची. धुकं नसलं की दुरून स्मशानातली माणसं दिसायची, पण मान्वेल कुठला ते ओळखू यायचं नाही.

तो परत आला की ती विचारायची, "दोघांना लावल्या?"

"दोघांना लावल्या, अक्का."

मग ती शेवटचा ट्रक पकडायची.